वाफेचे इंजिन संगणकात बांधताना

पनवेल-रोहा मार्गावर आपटा सोडले की जिते लागते आणि त्यापुढे हमरापूर. आपट्यापर्यंत रूळ १९६० च्या दशकातच आले होते. तिथून रोह्यापर्यंत ते जायला १९८६ साल उजाडले. भारतातल्या कारखान्यांनी वाफेचे शेवटचे इंजिन बनवले १९७२ मध्ये. म्हणजे जितेचा फलाट बांधला गेला तेव्हा धुराड्यांचे दिवस सरत आले होते, आणि पुढे रोह्यापासून निघालेली कोकण रेल्वे तर पहिल्या दिवसापासून डिझेलवरच धावली. या पट्ट्यातल्या पोराला वाफेचे इंजिन भेटते ते सिनेमात, चित्रात किंवा संगणकाच्या पडद्यावर. पण ज्यांनी ते कधी धावताना पाहिले नाही, अशाच पिढीतली बरीच मंडळी आज ते संगणकात खिळ्यापासून बांधत बसलेली दिसतात.

ही बांधणी कोण करते, कशावरून करते आणि कुठे फसते, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. या कामात लोक सॉफ्टवेअरची चर्चा गरजेपेक्षा फार जास्त करतात. मॉडेल खरे उतरते ते दोन गोष्टींवर : बांधणाऱ्याने एकच विशिष्ट इंजिन, एका विशिष्ट काळातले, निवडले आहे का, आणि त्याचे चाके फिरवणारे दांडे खऱ्यासारखे हलतात का.

घरगुती संगणकावर हा छंद पसरला तो २००१ च्या सुमारास. त्या वर्षी ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ आणि ऑस्ट्रेलियातला ‘ट्रेन्झ’ हे दोन खेळ बाजारात आले. दोन्हींमध्ये स्वतः बनवलेली इंजिने, डबे आणि मार्ग घालायची सोय होती. भारतीय हौशी मंडळींनी ती संधी उचलली. आपल्याकडचे डबे, सिग्नल, फलाटावरचे पिवळे फलक आणि इंजिने असा बराच ऐवज त्यातून जमा झाला. मॉडेल बांधायला तेव्हा ‘जीमॅक्स’ नावाचे फुकट मिळणारे साधन वापरत. मायक्रोसॉफ्टने आपला खेळ सोडून दिला, पण त्यासाठी बनलेला सगळा ऐवज चालवू शकणारा ‘ओपन रेल्स’ हौशींनीच उभा केला. त्यात वाफेचा दाब, कोळसा, पाणी आणि चाकांची पकड यांचे गणितही बरेच सखोल आहे. मॉडेल बांधण्यासाठी आज बहुतेक जण ‘ब्लेंडर’ वापरतात. हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून मुक्त करण्यात आले. पेणसारख्या गावातला मुलगाही परवान्याचा एक पैसा न देता ते वापरू शकतो, ही मोठी गोष्ट आहे.

हा झाला खेळासाठी बांधणाऱ्यांचा पहिला गट. दुसरा गट अभियंत्यांचा. त्यांचे मॉडेल दिसण्यासाठी नसते, मोजण्यासाठी असते. प्रत्येक भाग घन, खऱ्या जाडीचा आणि एकमेकांत बसणारा असावा लागतो. तिसरा गट जतन करणाऱ्यांचा आणि चौथा टेबलावर धावणारी छोटी इंजिने करणाऱ्यांचा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. ज्याने लहानपणी ते पाहिले त्याला या चौथ्या गटाचे वेड वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चौघांचेही काम त्रिमितीय मॉडेल याच नावाने ओळखले जाते, पण एकाची फाइल दुसऱ्याच्या उपयोगाची असेलच असे नाही. खेळासाठी बनवलेला बॉयलर आतून पोकळ आणि कागदाइतका पातळ असतो. तो त्रिमितीय छपाईला दिला तर छपाईयंत्र हात टेकते.

मग येतो मूळ प्रश्न : मोजमापे आणायची कुठून?

महाराष्ट्रात पहिली हौस सहसा १६ एप्रिल १८५३ ची असते. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे आणि ते ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. ही गाडी बांधावीशी वाटणे साहजिक आहे, पण नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची ती पहिली इंजिने इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीने बनवली होती. पुढे दोन लहान चाके, मागे जोडलेली चार मोठी चाके आणि वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) अशी त्यांची रचना होती. त्यातले एकही आज उरलेले नाही. व्हल्कन फाउंड्रीची कागदपत्रे लिव्हरपूलच्या राष्ट्रीय संग्रहालयांकडे आहेत. घरबसल्या मिळतात ती बहुधा नंतरच्या काळातली कल्पनाचित्रे आणि शताब्दीच्या निमित्ताने काढलेली चित्रे. त्यांवरून बांधलेले मॉडेल त्या चित्राचे होते, इंजिनाचे होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्यानंतरची डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी. डब्ल्यूपी म्हणजे गोल फुगीर नाकाचे, नाकावर चांदणी असलेले प्रवासी गाडीचे इंजिन. १९४७ ते १९६७ या काळात अशी ७५५ इंजिने झाली. पहिली सोळा अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीतून आली. डब्ल्यूजी हे मालगाडीचे; १९५० ते १९७० मध्ये २,४५० झाली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० मध्ये पहिले इंजिन बाहेर काढले तेही डब्ल्यूजीच होते, ‘देशबंधू’ नावाचे. यांची छायाचित्रे रग्गड आहेत, अनेक इंजिने देशभर स्थानकांबाहेर उभी आहेत, आणि ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’ या चार भागांच्या ग्रंथात वर्गवार तपशील मिळतात. इथे अडचण उलट आहे. सामग्री इतकी आहे की लोक कॅनडात बनलेल्या डब्ल्यूपीचा टेंडर, चित्तरंजनच्या डब्ल्यूपीचे नाक आणि चौकात उभ्या असलेल्या इंजिनाचा रंग एकत्र करतात आणि कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन तयार करतात. चौकातल्या इंजिनाचा रंग तर अजिबात प्रमाण मानू नये. नगरपालिकेच्या रंगाऱ्याने दांड्यांना चंदेरी आणि चाकांच्या कडांना लाल ऑइलपेंट फासलेला असतो. धावत्या इंजिनाच्या दांड्यांवर तेल आणि काजळी असायची.

रायगडातल्या माणसाने मात्र दूर जायचे कारण नाही. वाफेचे सर्वांत रंजक इंजिन आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात होते.

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशांतून ती बांधली. दोन फुटी रूळ, म्हणजे ६१० मिलीमीटर. सुमारे वीस किलोमीटरचा घाट. चढ वीसास एकपर्यंत. आणि वळणे अशी की गाडीची पुढची खिडकी मागच्या खिडकीला दिसावी. या मार्गाच्या इंजिनांमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे नाव आहे. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा तोच हा अभियंता. माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून १९०५ ते १९०७ च्या दरम्यान चार टाकीवाली इंजिने आली. नंतरचे त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१. त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घाट चढला. ७४० परदेशी जाऊन अखेर इंग्लंडमध्ये स्थिरावले. अलीकडे याच मार्गावरच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा पेहराव चढवला आहे. पर्यटकांसाठी ठीक आहे, मोजमापे घेणाऱ्याने मात्र त्यापासून चार हात दूर राहावे.

या इंजिनाला सहा चाके, सगळी जोडलेली. आता सहा चाके एकाच ताठ चौकटीत बसवली तर ती इतक्या अवघड वळणावर अडकतील किंवा रुळावरून उतरतील. यावर उपाय होता क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसांचा. पुढच्या आणि मागच्या जोडीची चाके एका पोकळ नळीसारख्या आसावर बसवलेली असतात. त्या नळीच्या आत दुसरा भरीव आस असतो, तो बाहेरच्या चौकटीतल्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या टोकांना क्रँक आणि दांडे जोडलेले असतात. दोहोंचा सांधा मधोमध एका गोळ्यापाशी असतो. तिथली खीळ फिरकी पुढे देते, पण नळीला थोडे तिरके व्हायला आणि आजूबाजूला सरकायला मोकळीक ठेवते. परिणामी वळणावर चाके रुळाप्रमाणे वळतात, मात्र बाहेरचे दांडे आपल्या सरळ रेषेतच मागेपुढे होत राहतात.

मॉडेल करणाऱ्यासाठी हे प्रकरण फार शिकवणारे आहे. बाहेरून पाहिले तर चौकट चाकांना झाकते, क्रँक बाहेर दिसतात आणि सगळे एकाच आसावर आहे असे वाटते. तसेच बांधले तर सरळ रुळावर मॉडेल अगदी छान दिसेल. वळणावर ते एक तर ताठ राहील, नाहीतर चाकांबरोबर दांडेही वाकडे होतील, आणि दोन्ही खोटेच. म्हणून ब्लेंडरमध्ये टोकाच्या प्रत्येक आसाचे दोन वेगळे घटक करावे लागतात. आतला आस चौकटीला बांधलेला, फक्त स्वतःभोवती फिरणारा. बाहेरची नळी आणि चाके त्याच्याकडून फिरकी घेणारी, पण वळण आणि सरक रुळाकडून घेणारी. मधली जोडी ताठ. एवढे जमले की माथेरानचे इंजिन पडद्यावर खरोखर माथेरानचे होते. त्यासाठी इंजिनाच्या पोटाखाली वाकून बघावे लागते. समोरून काढलेल्या शंभर फोटोंत हे सापडत नाही. इंजिन पाहायला नेरळला जाणाऱ्याने फोनबरोबर मोजपट्टी, विजेरी आणि एक वही न्यावी. फोटो काढताना चौकटीत एक फूटपट्टी धरून ठेवावी, म्हणजे घरी आल्यावर अंदाजाने माप ठरवायची वेळ येत नाही.

आता हालचालीकडे वळू. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून दोन क्षणांत दांड्यांवर जाते आणि तिथेच खिळते.

डब्ल्यूपीचा पिस्टन २८ इंच सरकतो, म्हणजे ७११ मिलीमीटर. त्याच्या निम्मे, सुमारे ३५६ मिलीमीटर, हे चाकाच्या मध्यापासून क्रँकच्या खिळीचे अंतर. चाकाचा व्यास १,७०५ मिलीमीटर, तेव्हा एका फेऱ्यात इंजिन साधारण ५.३६ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटरला चाके सेकंदाला तीनहून थोडे अधिक फेरे घेतात. डावीकडची आणि उजवीकडची क्रँक एकमेकींशी ९० अंशांत असते. तशी नसती तर दोन्ही पिस्टन एकदम टोकाला येऊन इंजिन जागचे हललेच नसते. तरीही दोन्ही बाजूंचे दांडे एकसारखे हलणारी मॉडेले मी कितीतरी पाहिली आहेत. एक बाजू बांधली, आरशासारखी दुसरीकडे उलटवली आणि काम झाले असे समजले, की असे होते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म. खिळीचा एक फेरा दाखवताना काही ठरावीक स्थिती नोंदवतात आणि मधल्या स्थिती संगणक भरून काढतो. चाक फिरवताना तो वर्तुळावरून जातो, पण दांडा सरकवताना बहुतेक खेळ दोन स्थितींमध्ये सरळ रेषा धरतात. फेऱ्यात आठच स्थिती नोंदवल्या तर मधल्या बिंदूवर दांड्याचे टोक खिळीपासून सुमारे २७ मिलीमीटर सुटते. सोळा केल्या तर ७ मिलीमीटर, बत्तीस केल्या तर दोनहून कमी. जवळून पाहणाऱ्याला पहिला प्रकार लगेच खटकतो : दांडा खिळीभोवती लटपटतो. म्हणून बत्तीस नोंदी कराव्यात. हातमजुरी वाढते, पण ब्लेंडरमध्ये बंधने घालून त्या आपोआप काढून घेता येतात. मुख्य दांड्याचे एक टोक खिळीला, दुसरे पिस्टनच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या क्रॉसहेडला बांधायचे आणि क्रॉसहेडला फक्त सिलिंडरच्या रेषेत सरकू द्यायचे. मग आणखी एक गोष्ट आपोआप बरोबर येते. क्रँक सरळ वर उभी असताना पिस्टन आपल्या वाटेच्या बरोबर मध्यावर नसतो. मुख्य दांडा क्रँकच्या पाचपट लांब धरला तर तो मध्यापासून ३६ मिलीमीटर चाकांकडे सरकलेला असतो. हाताने अंदाजे हलवलेल्या पिस्टनमध्ये हा फरक कधीच येत नाही.

राहिला व्हॉल्व्ह गियर. डब्ल्यूपी, डब्ल्यूजीवर वॉल्शार्ट पद्धतीचा आहे. बेल्जियमच्या एजिड वॉल्शार्टने तो १८४४ मध्ये शोधला. त्यात दोन हालचालींची बेरीज होते. एक हालचाल येते मुख्य खिळीवर बसवलेल्या छोट्या रिटर्न क्रँककडून. ती बाकदार एक्स्पान्शन लिंकला डोलवते. दुसरी क्रॉसहेडकडून उभ्या कॉम्बिनेशन लिव्हरमार्फत येते. ड्रायव्हर रिव्हर्सर फिरवतो तेव्हा लिंकमधला सरकता ठोकळा वरखाली होतो. त्यावरून गाडी पुढे जाणार की मागे आणि सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची, हे ठरते. म्हणजे दांड्यांकडे पाहून ड्रायव्हरने काय केले आहे हे जाणकाराला कळते. बहुतेक मॉडेलांत तो ठोकळा कायम एकाच जागी असतो, त्यामुळे इंजिन मागे जातानाही दांडे पुढे जात असल्यासारखे चालतात. सगळ्यांना हे दिसत नाही, खरे. पण ज्या चारदोन जुन्या ड्रायव्हरांना दिसते त्यांच्यासाठीच हे करायचे असते.

आवाजही याच गणिताशी बांधलेला आहे. दोन सिलिंडर आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार धापा. डब्ल्यूजीचे चाक १,५६२ मिलीमीटरचे; ताशी २० किलोमीटरला सेकंदाला साडेचार धापा पडतात. ताशी ४० ला नऊ, आणि तिथून पुढे कान त्या सुट्या मोजू शकत नाही. आवाज चाकाच्या फिरण्याला जोडला नाही आणि नुसती ध्वनिफीत लावून दिली, की झुकझुक एकीकडे आणि चाके दुसरीकडे.

बाह्यरूपाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर शिकवणाऱ्या चित्रफिती गरजेपेक्षा जास्त आहेत. प्रत्येक रिव्हेट खरा घडवण्याचा मोह टाळावा. एक रिव्हेट म्हणजे शेकडो छोटे त्रिकोण. असे दोन हजार रिव्हेट झाले की साधा लॅपटॉप धापा टाकू लागतो. त्याऐवजी तपशीलवार मॉडेलवरून उंचसखलपणाचा नकाशा काढून तो साध्या पृष्ठभागावर चढवतात, आणि प्रकाश पडला की रिव्हेट उठून दिसतात. फक्त कडेवरचे, ज्यांचा आकार आकाशासमोर दिसतो, तेवढे खरे ठेवावेत. दुरून पाहण्यासाठी त्याच इंजिनाच्या आणखी दोन-तीन हलक्या आवृत्त्या कराव्या लागतात. जितेच्या पुढच्याच हमरापूर-जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत साचा एकाचा असतो आणि मूर्ती ओळखली जाते ती शेवटच्या आखणीवरून. इंजिनाचेही तसेच, एकाच ढाच्यावर शेडची अक्षरे, क्रमांक, बफरपट्टीचा रंग, धुराड्यामागचा काजळीचा ओघळ आणि पाण्याच्या टाकीखालचे क्षारांचे पांढरे डाग यांनी ७३८ आणि ७४१ वेगळे होतात. ओघळही वरून खालीच यावेत. आडवा गंज पाहिला की समजावे, तयार चित्र चिकटवले आहे.

लेसरने किंवा फोटोंच्या ढिगावरून मॉडेल तयार करायच्या तंत्राचे सध्या फार कौतुक होते. इमारतीसाठी ते उत्तम आहे. इंजिनाच्या बाबतीत दोन अडचणी येतात. चकचकीत काळा रंग प्रकाश परतवतो किंवा गिळतो, आणि फोटो जुळवणाऱ्या प्रोग्रामला त्यावर पकडायला खुणा सापडत नाहीत. शिवाय हाती येते ते अखंड कातडे. चाक, दांडा, चौकट सगळे एकाला एक चिकटलेले. ते हलवता येत नाही. मोजमाप ताडून पाहायला हे कातडे खाली ठेवावे आणि त्यावर प्रत्येक भाग नव्याने बांधावा, हाच त्याचा योग्य उपयोग.

टेबलावरचे इंजिन छापणाऱ्यांची अडचण रुळांपासूनच सुरू होते. जगात सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७, त्याचे रूळ १६.५ मिलीमीटर रुंद, कारण ते युरोपच्या १,४३५ मिलीमीटर गेजवरून घेतलेले. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटर. त्याच प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलीमीटर व्हायला हवे. म्हणजे बाजारातले रूळ वापरले की डब्ल्यूपीचे धड रुंद आणि पाय अरुंद. काही जण प्रमाणच बदलतात, काही जण दुर्लक्ष करतात. माथेरानच्या बाबतीत मात्र एक सोय आहे : ९ मिलीमीटरचे रूळ सहज मिळतात आणि १:६८ प्रमाण घेतले तर ६१० मिलीमीटर त्यावर नेमके बसतात. घाटाची वळणेही टेबलाच्या कोपऱ्यात मावतात.

अभियंत्यांच्या वाटेने हे काम कुठवर जाते ते पाहायचे तर इंग्लंडकडे पाहावे. तिथे एका वर्गाचे एकही इंजिन उरले नव्हते म्हणून हौशी लोकांनी वर्गणी काढून जुन्या आराखड्यांवरून ‘टॉर्नेडो’ हे नवे इंजिन बांधले आणि २००८ मध्ये रुळांवर आणले. त्याच संस्थेने पुढे १९३० च्या दशकातल्या पी-२ वर्गाचे नवे इंजिन हाती घेतले. मूळ इंजिनांना क्रँक-आसाचा त्रास होता. या वेळी आस आणि पुढची चाके आधी संगणकातल्या मॉडेलवर ताणून, वळवून, धावायला लावून तपासली आणि मग लोखंडाला हात लावला. आपल्याकडे रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिने जिवंत ठेवली आहेत. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवावेच लागतात. त्या कामात अचूक त्रिमितीय मॉडेल हौस न राहता गरज ठरू शकते. ओतकामाचा साचा थेट त्यावरून काढता येतो.

शेवटची बाब फाइलींची. ‘जीमॅक्स’ आता कोणी सांभाळत नाही. त्यात बांधलेल्या मूळ फाइली उघडायला आज धडपड करावी लागते, आणि खेळासाठी काढलेल्या अंतिम फाइलीतून मूळ मॉडेल परत मिळवणे म्हणजे भाजलेल्या भाकरीतून पीठ काढणे. ज्यांनी मूळ फाइल एकाच डिस्कवर ठेवली त्यांचे काम गेले. म्हणून मॉडेल ब्लेंडरच्या फाइलीबरोबर एखाद्या सर्वमान्य खुल्या प्रकारातही काढून ठेवावे, भागांची नावे ‘क्यूब ०४७’ अशी न सोडता ‘डावा मुख्य दांडा’ अशी लिहावीत, आणि नेरळला भरलेली मापांची वही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाकावी. कुठले माप पट्टीने घेतले, कुठले फोटोवरून काढले आणि कुठे नुसता तर्क केला, हे तिन्ही वेगवेगळ्या रंगांनी खुणावले असेल तर पुढचा माणूस त्यावरून काम पुढे नेऊ शकतो.